सातवा भाग आणि मुलींची खोली

मंगरूळपीरच्या बस स्टँडवरच्या पुस्तकवाल्या काकांनी अंतराळातल्या कादंबऱ्या सामान्य विज्ञानाच्या गाइडशेजारी लावल्या, म्हणून आम्ही त्या वाचल्या. याउपर कुठलंही श्रेय मी कुठल्याही प्रकाशकाला देणार नाही.

काकांची चूक समजण्यासारखी होती. मुखपृष्ठावर एक मोठा ग्रह, त्याच्याभोवती कडी, आणि कोपऱ्यात 'विज्ञान' हा शब्द. त्यांच्या टपरीवर येणारं गिऱ्हाईक तलाठी भरतीचं, पोलीस भरतीचं, फार तर बारावीचं. कादंबरी मागायला कोणी येत नाही म्हणून कादंबरीची फळी नाही, आणि फळी नाही म्हणून कोणी मागत नाही. अकोल्याच्या वितरकाकडून आलेल्या गठ्ठ्यात ही पुस्तकं कशी घुसली कोण जाणे. काकांनी ग्रह बघितला आणि ती भूगोल नि विज्ञानाच्या मध्ये उभी केली.

टीव्हीवर हिंदीत डब होऊन येणारी एक मालिका होती. एक यान वाट चुकलंय, त्यातली माणसं घरी परतायला निघालीत, आणि दर आठवड्याला नवीन संकट. आमच्या वयाच्या अर्ध्या पोरापोरींनी ती मोबाइलवर बघितली होती. ती मधेच बंद पडली. पुढची गोष्ट फक्त पुस्तकांत होती. पुण्याच्या एका प्रकाशकानं ती पुस्तकं मराठीत आणली होती, आणि ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात कोणालाही सांगितली नव्हती. ना एक जाहिरात, ना एक पोस्टर. मी पोस्टर चिकटवण्यात वाढलेली मुलगी आहे. मला याचा राग येतो.

पहिला भाग आणला आपानं. आपा म्हणजे आमच्यातली सगळ्यात मोठी. तिच्या अब्बांचं दर्ग्याच्या रस्त्यावर शिलाईचं दुकान आहे, आणि ती दुकानाच्या पाट्यांपासून सरकारी जाहिरातींपर्यंत सगळ्यातल्या चुका काढते. तिनं सामान्य विज्ञान म्हणून पुस्तक घेतलं, खोलीत येऊन उघडलं, दोन पानं वाचली आणि जोरात हसली.

"काय झालं वो आपा?"

"अगं, याच्यात यानाचा कॅप्टन रडून राह्यला. हे कोनत्या पेपरले येते?"

ज्या खोलीत ती हसली, त्या खोलीत हसायची परवानगी नव्हती. खोलीबद्दल सांगावंच लागेल, कारण या सगळ्यात पणाला लागली ती खोलीच.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात अभ्यासिका आहे. मोठा हॉल, लांब टेबलं, पहाटेपासून जागा धरून बसलेली मुलं. मुलींना तिथं बसायला कोणी मनाई केली नव्हती, फक्त जागा कधीच रिकामी नसायची. मी त्यावर पत्रक काढलं. पत्रक लिहायला मी मोर्चे नि शिबिरं घेणाऱ्या आमच्या संघटनेत शिकले. पहिल्या ओळीत सवाल, मग मागणी, मग जबाबदार कोण ते सरळ लिहायचं, आणि विशेषणं कमी ठेवायची कारण झेरॉक्सवर जागा कमी असते. आधी मी बस स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीच्या कुलपावर लिहिलं होतं, रिसोडच्या संध्याकाळच्या बंद झालेल्या गाडीवर लिहिलं होतं. कुलूप निघालं, गाडी काही आली नाही. पण या पत्रकानं काम केलं. समितीनं मागची, मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली रिकामी करून मुलींना दिली.

सोबत एक नियमही दिला. दारावरच रंगवून टाकला: येथे फक्त स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. अवांतर वाचन आढळल्यास खोली बंद करण्यात येईल.

हॉलच्या दारावर असं काही लिहिलेलं नाही. मुलं तिथं बसून मोबाइलवर क्रिकेट बघतात.

खोलीतली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी स्मरणार्थ आहे. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एका आजोबांचं नाव लिहिलंय, पंखा चालू झाला की ते दिसेनासं होतं. घड्याळ एका आजीचं. पाण्याचा फिल्टर एका बंद पडलेल्या मंडळाचा. मागच्या खिडकीची लोखंडी जाळी वाचनालयाच्या अध्यक्षांनी त्यांच्या वडिलांच्या नावानं दिलेली. अध्यक्ष निवृत्त मास्तर. माणूस वाईट नाही, हे मी पत्रकात कधी लिहिलं नसतं, पण इथं लिहिते. पाणी आलं का, लाइट आहे का, हे रोज येऊन विचारायचे. मात्र नियम म्हणजे नियम. एकदा एका मुलीच्या हातात दिवाळी अंक दिसला तर त्यांनी तो काढून घेतला आणि म्हणाले, "पोरी, तुह्या बापानं तुले हे वाचाले पाठवलं काय?"

त्या खोलीत आम्ही सहा भाग वाचले. गाइडच्या आत धरून, आळीपाळीनं. वाचणाऱ्या पुष्कळ होत्या, पण डबा खाताना पायरीवर बसून त्यावर भांडणाऱ्या आम्ही तिघीच. आपा, मी, आणि कामरगावची.

कामरगावची सगळ्यात लहान. गावाहून इथं मामाकडं राहायला आलेली, तीही अटीवर. घरचे म्हणाले होते, मुलींची वेगळी खोली असेल तर जा, नाहीतर घरी बसून काय तो अभ्यास कर. घरी म्हणजे एक खोली, चार भावंडं, आणि दर रविवारी बघायला येणारे पाहुणे. माझी खोली गेली तर मी वैतागले असते. तिची गेली तर ती कामरगावच्या जीपमध्ये बसणार होती, आणि परत येणार नव्हती. हे तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, कुठलाही आव न आणता, लोणच्याची फोड डब्याच्या झाकणावर ठेवता ठेवता.

आणि तिघींमध्ये सगळ्यात पक्की वाचक तीच. यानाच्या कुठल्या मजल्यावर काय आहे ते तिला पाठ. सराव परीक्षेत प्रकाशवर्षावर प्रश्न आला तेव्हा ती नाचतच बाहेर आली.

"भाग दोनमधून आलं मले! गाइडमंधी वाचलं असतं तं विसरली असती."

"मंग सांग अध्यक्षाले," आपा म्हणाली. "म्हणा का मास्तर, हे बी अभ्यासक्रमच हाये."

सहाव्या भागाच्या शेवटी यान घराच्या इतकं जवळ येतं की खिडकीतून घर दिसतं, आणि इंजिन बंद पडतं. सातवा भाग शेवटचा. तो निघाला आहे असं आम्हाला प्रकाशकाच्या पानावर मोबाइलवरच कळलं. मुखपृष्ठ बघून आपानं डोक्याला हात लावला. ग्रह गायब. मालिकेतला कॅप्टन आणि ती डॉक्टरीण, गालाला गाल लावून, मागं आगीचा लोळ. वर लिहिलेलं, पडद्यावर गाजलेली प्रेमकहाणी आता पुस्तकात.

"प्रेमकहानी?" कामरगावची ओरडली. "सहा भागात ते दोघं एकमेकाशी धड बोलले बी नाईत!"

"त्याहिले वाटते का ग्रह इकला जात नाई. गाल इकला जाते."

"ज्याहिनं मालिका पाह्यली ते तं कशेही घेतीन," मी म्हणाले. "ज्याहिनं नाई पाह्यली त्याहिले सातव्या भागाचं काय करायचं? मंग हे कव्हर कोनासाठी हाये?"

"त्याहिच्या साहेबासाठी."

"मले तं वाटते," कामरगावची हळूच म्हणाली, "हे कव्हर खोलीत कसं न्यायचं?"

त्यावर उपाय सोपा होता, शाळेसारखं खाकी कव्हर घालायचं. खरी अडचण पुढची. काकांकडे सातवा भाग आलाच नाही. काका म्हणाले, वितरक पाठवत नाही. वितरकाला फोन केला तर तो म्हणाला, वाशिम जिल्ह्यातून मागणी नाही. ऑनलाइन मागवावं तर पूर्ण संचच घ्या, म्हणजे वाचलेले सहा भाग परत घ्या, आणि आमचा पिन कोड टाकला की 'या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही'. अकोल्याच्या दुकानात आहे म्हणे. अकोल्याला जाऊन यायचं म्हणजे दिवस जातो, आणि कामरगावचीच्या मामीला तो दिवस कुठं गेला ते सांगावं लागतं.

कितीतरी दुपारी आम्ही यावरच बोललो. आता आठवून हसू येतं, पण तेव्हा मी खरोखर पेटले होते. पुण्यामुंबईचे वाचक त्या पानावर कागद कसा आहे, अनुवाद कसा आहे, खंड एकसारख्या उंचीचे का नाहीत यावर तक्रार करत होते. एकानं लिहिलं होतं, कपाटात सातवा भाग बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच दिसतो, फार त्रास होतो. मी त्याला उत्तर लिहिलं होतं, ते आपानं पाठवू दिलं नाही.

"पत्रक काढते मी," मी जाहीर केलं. "प्रकाशकाले जाहीर सवाल. वाशिम जिल्ह्यातल्या वाचकाहिचा हक्क. बस स्टँडवर वाटू, पेपरात देऊ."

आपानं डबा बंद केला. "वाट. आन खाली नावं लिही आमची. म्हंजे गावाले समजन का ग्रंथालयाच्या खोलीत बसून पोट्ट्या कादंबऱ्या वाचून राह्यल्या."

"मंग वाचतो तं वाचतो! त्यात लपवायचं काय?"

"तुले नाई काही. तू परीक्षा बी देत नाईस, नुसती फॉर्म भरतेस."

मी कामरगावचीकडे बघितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमची खोली गेली तं तुमी मोर्चा काढसान. माही गेली तं मी घरी जाईन. एवढाच फरक हाये."

माझ्या सगळ्या पत्रकी आयुष्यात मला इतकं साधं उत्तर कोणी दिलं नव्हतं. पत्रक निघालं नाही. त्याऐवजी मी प्रकाशकाकडं फोन केला, पायरीवर बसून, स्पीकरवर टाकून.

विक्री बघणारा माणूस तरुण होता, गोड बोलत होता. "मॅडम, खूप छान वाटलं ऐकून. पण खरं सांगू का, तुमच्या भागात आम्हाला वाचक दिसत नाहीत."

"आमी तिघी तुमच्याशी बोलून राह्यलो. दिसत नाई तं ऐकू तं येते ना?"

तो हसला. "दिसणं महत्त्वाचं असतं मॅडम. आजकाल सगळं दिसण्यावर आहे. तुम्ही असं करा, तुमच्या वाचक मैत्रिणींचा एक छान फोटो पाठवा. हातात पुस्तकं, मागं तुमचं गाव. आम्ही पानावर टाकतो. वाशिमचे चाहते म्हणून. मग वरिष्ठांना मला दाखवता येईल की बघा, मागणी आहे. एक गठ्ठा लगेच पाठवतो तुमच्या त्या स्टँडवाल्या काकांकडे."

"फोटो कायले पायजे? मी नावं देते, किती प्रती पायजेत ते सांगते."

"नावांनी पोस्ट चालत नाही ना मॅडम."

फोन ठेवल्यावर आपा बराच वेळ शिव्या देत होती, उर्दूत, म्हणजे मनापासून. पुस्तक आणायचं तर स्वतःला दाखवा, आणि दाखवलं तर जिथं बसून वाचतो ती जागा जाते. असा सौदा आमच्यासमोर ठेवून तो माणूस निवांत जेवायला गेला असणार.

तोड कामरगावचीनं काढली, आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, "स्कार्फ बांधून काढू ना. उन्हात आपन तसंही बांधतोच. रस्त्यानं जाताना माही मामी बी मले वळखत नाई."

ही गोष्ट इकडं नसलेल्यांना सांगावी लागेल. आमच्याकडं मार्चपासून पुढं कुठलीही मुलगी तोंड उघडं टाकून रस्त्यावर निघत नाही. ओढणी डोक्यावरून, नाकावरून, मानेमागून घट्ट फिरवायची, फक्त डोळे बाहेर, त्यावर गॉगल. हिंदू, बौद्ध, मुसलमान, सगळ्या सारख्याच दिसतात. स्कूटीवरून चार मुली गेल्या तर सख्खा भाऊ सांगू शकत नाही कोण कोणाची.

कल्पना चांगली होती. दुपारी वाचनालय जेवणासाठी रिकामं होतं तेव्हा मागच्या अंगणात आम्ही फोटो काढला. वाचणाऱ्यांपैकी ज्या तयार झाल्या त्या, आणि आम्ही तिघी. कामरगावचीनं आपाचा स्कार्फ बांधला, आपानं माझा, म्हणजे रंगावरूनही कळू नये. हातात सहा भाग, ग्रह पुढं करून. मागं खिडकी येत होती, जाळीवर अध्यक्षांच्या वडिलांचं नाव रंगवलेलं, ते दिसू नये म्हणून मी बरोबर त्याच्यापुढं उभी राहिले. आपानं फोटो तीनदा मोठा करून तपासला. एकही नाव नाही, एकही चेहरा नाही. कामरगावची स्कार्फच्या आत हसत होती, ते डोळ्यांवरून कळत होतं. मी तिला इतकं मोकळं कधी बघितलं नव्हतं.

पोस्ट दुसऱ्या दिवशी आली. फोटो आमचाच. वर लिहिलं होतं: जिथे मुलींना पुस्तक वाचण्यासाठी चेहरा लपवावा लागतो! खाली तालुक्याचं नाव. त्याखाली, त्यांच्या धाडसाला सलाम, आणि मग गालाला गाल लावलेलं ते मुखपृष्ठ, सातवा भाग आता उपलब्ध.

मी त्या माणसाला फोन केला.

"आमी उन्हामुळं स्कार्फ बांधतो. तुमाले हे कोनं सांगतलं?"

"मॅडम, थोडं क्रिएटिव्ह आहे. पण बघा ना, पोस्ट किती छान चाललीय."

"काढून टाका."

"आता काढली तर उलट चर्चा होईल मॅडम. आणि गठ्ठा तर आजच निघाला तुमचा."

लोकांनी खाली काय काय लिहिलं ते मी इथं देणार नाही. आपाच्या धर्मावर लिहिलं, फोटोत कोण आहे ते न बघताच, नुसत्या स्कार्फवरून. पुण्याच्या बायांनी रडक्या चेहऱ्याची चित्रं टाकली. कोणी लिहिलं की अशा मागास भागात पुस्तकं फुकट वाटली पाहिजेत. मला पत्रकात कधी शब्द कमी पडले नाहीत, त्या दिवशी पडले. कुठून सुरू करणार? सवाल कोणाला, जबाबदार कोण, मागणी काय? सातवा भाग मागितला होता, तो तर येत होता.

पोस्ट फिरत फिरत गावात आली. आधी हॉलमधल्या मुलांच्या ग्रुपवर, मग सगळीकडं. त्या दिवसांत खोलीत कोणी बोलत नव्हतं. पंखा सुरू असायचा आणि गाइडची पानं उलटायचा आवाज. कोणाच्याही पिशवीत एकही कादंबरी नव्हती. सहाही भाग आपाच्या अब्बांच्या दुकानात, कापडाच्या ठाणांमागं गेले होते. कामरगावची रोज यायची, भिंतीकडं तोंड करून बसायची आणि दाराकडं पायांचा आवाज आला की तिची पाठ ताठ व्हायची. मामीनं विचारलं होतं म्हणे, ते फोटोतलं अंगण तुमच्या वाचनालयाचंच का गं? तिनं सांगितलं, नाही, ते अंगण कुठलंतरी दुसरं आहे.

"खोटं बोलली मी," ती मला म्हणाली. "खोलीसाठी बोलली, पन खोटं बोलली."

अध्यक्ष चौथ्या का पाचव्या दिवशी आले. पाणी आहे का, लाइट आहे का, काही विचारलं नाही. दारात उभे राहिले. हातात मोबाइल, मोठा केलेला फोटो.

"पोरींनो," ते म्हणाले, "हे जाळी माही हाये."

त्यांनी फोटोतल्या खिडकीवर बोट ठेवलं.

"नाव झाकलं तुमी. पन माह्या बापाच्या नावाची जाळी मी वळखनार नाई काय? वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर बसून करून घेतली मी. तो खालचा कोपरा वाकडा हाये, तो मी रोज पायतो."

ते रागावलेले नव्हते, आणि तेच वाईट होतं. त्यांचा आवाज दुखावलेला होता. मी नाव झाकलं होतं ते त्यांना जास्त लागलं होतं, असं मला वाटलं.

"लोकं मले फोन करून राह्यले. अध्यक्ष, तुमच्या गावात पोरीले तोंड झाकून वाचा लागते काय? मी काय सांगू? मीच तं खोली देल्ली." त्यांनी मोबाइल खाली घेतला. "कोन कोन हाये याच्यात? उभ्या राहा."

आमच्या संघटनेत पहिला धडा हाच. विचारलं की उभं राहायचं, एकटीनं नाही, सगळ्यांनी. एक उभी राहिली की तिला उचलतात, सगळ्या उभ्या राहिल्या की त्यांना बसवावं लागतं. मी हा धडा दुसऱ्यांना शिकवला आहे, शिबिरांत, टाळ्यांसह.

मी उभी राहिले. "मी हाये."

"तू राह्यशीनच," ते म्हणाले. "तुले कोनं विचारलं? बाकीच्या?"

आपा उभी राहिली. ओढणी नीट केली आणि म्हणाली, "मी बी हाये, मास्तर. आन त्या पुस्तकात वाईट काही नाई. पायजे तं वाचून पाहा."

घड्याळाचा आवाज येत होता. कामरगावची माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसलेली होती. तिची बोटं पानाच्या कडेवर होती आणि कड ओली झाली होती. तिचे पाय खुर्चीखालून पुढं सरकले, उठायच्या आधी सरकतात तसे. आणि मी, आयुष्यभर लोकांना उभं राहा म्हणून सांगणारी, मनातल्या मनात एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. बस. बस. बस गं बाई, खाली बस. तिला ऐकू जावं म्हणून मी माझा पाय तिच्या खुर्चीच्या पायाला लावला आणि दाबून धरला.

ती उठली नाही. दुसरी कोणीही उठली नाही.

अध्यक्षांनी खोलीवरून नजर फिरवली. त्यांनी मुली मोजल्या असत्या तर फोटोतली डोकी आणि उभ्या असलेल्या दोघी यांचा मेळ बसला नसता, आणि मास्तर माणसाला ते कळत नसेल यावर माझा विश्वास नाही. ते म्हणाले, "तुमी दोघी बाहेर. समितीची बैठक होईस्तोवर खोलीत यायचं नाई. बाकीच्या अभ्यास करा."

खोली राहिली.

गठ्ठा त्याच आठवड्यात काकांकडं पोचला. काकांनी मुखपृष्ठ बघितलं आणि माझ्यावरच चिडले. "हे तं पिच्चरचं पुस्तक निघालं! मले काहून नाई सांगतलं? मी लोकाहिले विज्ञान म्हनून इकून राह्यलो!" पण पोस्टमुळं लोक येऊन विचारत होते, मुलंसुद्धा, हॉलमधली क्रिकेटवाली. गठ्ठा संपला, दुसरा मागवला. म्हणजे त्या पुण्याच्या माणसाचं बरोबर ठरलं. हे लिहिताना मला अजूनही तोंड कडू होतं. दोन ओळींची खोटी दया आणि एक वाकडा फोटो, आणि पुस्तक आमच्या तालुक्यात पोचलं. मी वर्षभर खरं ओरडले असते तरी पोचलं नसतं.

मी आणि आपानं सातवा भाग तिच्या अब्बांच्या दुकानात बसून वाचला, मशीनच्या आवाजात. काय होतं ते सांगत नाही. आपाला शेवट आवडला नाही, मला आवडला, त्यावर आम्ही भांडलो. अब्बा म्हणाले, "अरे बेटा, वो लोग घर पहुँचे के नहीं, इतना बता दो, बाकी लड़ते रहो."

समितीची बैठक अजून झालेली नाही. कोरम भरत नाही असं सांगतात. मी अध्यक्षांना दोनदा भेटले. दारावरचा नियम हॉलला का नाही, एवढंच विचारलं. ते म्हणाले, बैठकीत घेऊ. त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली काहीतरी पुस्तक होतं, कुठलं ते मला दिसलं नाही आणि मी वाकून बघितलंही नाही. दोनदा वाटलं पत्रक काढावं. दोन्ही वेळा मागच्या खिडकीतून दिसणारी, भिंतीकडं तोंड केलेली ती पाठ आठवली आणि कागद तसाच ठेवला. पत्रकानं बैठक होईलही. पण बैठकीत खोलीचा विषय निघेल, आणि विषय निघाला की तो कुठं जाईल हे मला आता सांगता येत नाही. आधी सांगता यायचं, किंवा मला तसं वाटायचं.

कामरगावची रोज खोलीत जाते. रस्त्यात भेटली तर स्कार्फमधून फक्त मान हलवते. आम्हीच तिला सांगितलंय, थांबू नको. कधीकधी संध्याकाळी मामीचा टीव्ही मोठा असला की फोन येतो.

"ताई, इंजिन चालू झालं काय? फक्त एवढंच सांगा."

"पुस्तक घेऊन येऊ काय? अब्बाच्या दुकानात ठेवलं हाये तुह्यासाठी."

"नाई, नाई. आता नाई. पेपर झाल्यावर वाचीन. पेपरच्या दुसऱ्या दिवशी, दर्ग्याच्या पायरीवर बसून, तोंड उघडं ठेवून."

मग आम्ही दोघी परीक्षेच्या तारखेबद्दल बोलतो. परवा जाहिरात आली, परीक्षा पुन्हा पुढं ढकलली आहे. नवीन तारीख अजून दिलेली नाही.